दारातला शॉक ‘स्टॅटिक’ म्हणून सोडून देऊ नका: मोटरहोम बांधणाऱ्यांना आणि कॅम्पसाइट चालवणाऱ्यांना खुले पत्र

मोटरहोम बांधणाऱ्या कारखानदारांनो, व्हॅनचं मोटरहोम करून देणाऱ्या वर्कशॉपवाल्यांनो आणि कॅम्पसाइटच्या चालकांनो,

सप्रेम नमस्कार.

मोटरहोममधल्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्यांमधल्या, वीजजोडण्या तपासणं आणि दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे. गाडीमालक माझ्याकडे वारंवार एकच तक्रार घेऊन येतात: "दाराला हात लावला की शॉक बसतो." त्यातल्या बहुतेकांनी आधी तुमच्यापैकी कुणाला तरी विचारलेलं असतं आणि त्यांना ठरलेलं उत्तर मिळालेलं असतं: "स्टॅटिक आहे, मागे पट्टी लावून घ्या." पट्टी म्हणजे मागच्या बंपरखाली लोंबणारा, रस्त्याला घासत जाणारा रबराचा पट्टा. तो लावला, गाडी पुन्हा कॅम्पसाइटवर लागली, तिथल्या वीजखांबाची केबल जोडली आणि शॉक पुन्हा बसू लागला, म्हणून ते माझ्याकडे आलेले असतात.

तुमचं उत्तर काही वेळा अगदी बरोबर असतं. काही वेळा मात्र ते माणसाच्या जिवावर बेतू शकतं, आणि या दोन वेळा ओळखायच्या कशा हे गाडीमालकाला कुणीच सांगत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

मोटरहोमच्या दारात दोन वेगळ्या प्रकारचे शॉक बसतात. पहिला स्थिर विजेचा. दुसरा बाहेरून घेतलेल्या २३० किंवा १२० व्होल्टच्या पुरवठ्यातून चासीवर, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्यावर, आलेल्या विजेचा. घोळ होतो तो जागेमुळे. दोन्ही शॉक बसताना माणूस एकाच अवस्थेत असतो: पाय जमिनीवर आणि हात दाराच्या मुठीवर. गाडीच्या आत बसलेल्याला यातलं काहीच जाणवत नाही, कारण आतलं सगळं धातूकाम आणि तो स्वतः एकाच व्होल्टेजवर असतात. फरक उंबरठ्यावर उघड होतो. म्हणून "उतरताना शॉक बसला" एवढ्या वर्णनावरून निदान करता येत नाही. विचारायला हवं ते हे: एकदाच चट्‌कन बसला आणि संपला, की हात धरून ठेवला तरी झिणझिण्या येतच राहिल्या? लगेच पुन्हा हात लावला तेव्हा काय झालं? आणि तेव्हा केबल जोडलेली होती का?

आधी स्थिर विजेचं बोलू. टायर रस्त्यावर लोळतो तेव्हा रबर आणि रस्ता यांचा स्पर्श होतो आणि सुटतो, त्यातून प्रभार वेगळे होतात. तसंच सीटच्या कृत्रिम धाग्याच्या कापडावर आपले कपडे घासून माणसावर प्रभार साचतो, आणि उतरताना बसणारा चटका पुष्कळदा या दुसऱ्या कारणाचा असतो. हवा कोरडी असली की हा प्रभार वाहून जात नाही. चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. कोरड्या हवेत सीटवरून उठणाऱ्या माणसावर त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज सहज चढतं. आकडा भयंकर वाटतो, पण माणसाच्या शरीरात साठणारी विद्युत ऊर्जा फारच थोडी असते. शरीराची धारिता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, १५० पिकोफॅरड आणि व्होल्टेज १०,००० धरलं तरी हिशेब साडेसात मिलिज्यूलवर येतो. इतक्या ऊर्जेने माणूस दचकतो, त्याला इजा होत नाही.

टायरचीही भूमिका आहे. जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये काजळीचं, म्हणजे कार्बन ब्लॅकचं प्रमाण जास्त असल्यामुळे प्रभार हळूहळू रस्त्यात उतरून जातो. इंधन वाचवण्यासाठी ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबरात, सिलिका वाढवली की रबराचा रोध वाढतो. म्हणून अनेक टायर कंपन्या सिलिकाच्या ट्रेडमधून वाहक रबराची एक अरुंद पट्टी थेट रस्त्यापर्यंत आणतात. ट्रेडच्या घेरावरून फिरणारी ती बारीक रेघ नीट पाहिली तर दिसते. ज्या टायरला अशी सोय आहे त्याला वेगळा लोंबता पट्टा लावून फारसा फायदा होत नाही. ज्याला नाही त्या गाडीत पट्ट्याचा थोडा उपयोग होऊ शकतो, मात्र पट्ट्यात खरोखर वाहक तार हवी, तो रंगावर न चिकटवता चासीच्या उघड्या धातूला जोडलेला हवा आणि झिजल्यावर बदलायला हवा. सीटवर घासून माणसावर साचलेल्या प्रभाराचं मात्र तो पट्टा काहीही करू शकत नाही. त्यावर उपाय सोपा आणि फुकटचा आहे: उठण्याआधी दाराच्या चौकटीचा उघडा धातू धरायचा आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडायचा नाही. प्रभार तळहातातून सावकाश जातो, बोटाच्या टोकावर ठिणगी पडत नाही. एवढं एक वाक्य तुमच्या मॅन्युअलमध्ये छापायला काय हरकत आहे?

स्थिर वीज खरोखर घातक ठरते ती इंधनापाशी आणि गॅसपाशी. प्रोपेन आणि हवेचं मिश्रण पेटायला सुमारे ०.२५ मिलिज्यूल ऊर्जा पुरते, पेट्रोलच्या वाफेचंही जवळपास तसंच. वरचे साडेसात मिलिज्यूल त्याच्या तीस पट आहेत. जेमतेम जाणवणारी ठिणगीसुद्धा पेट घ्यायला पुरेशी असते. प्रोपेन हवेत २.१ ते ९.५ टक्के असताना पेटतो, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला की जमिनीलगत, कपाटाच्या तळाशी जाऊन बसतो. म्हणूनच सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोके असतात. ते झरोके सामानाने किंवा चटईने झाकू नयेत हे तुम्ही सांगता. पण इंधन भरताना नोझल अडकवून पुन्हा आत जाऊन बसू नये, कारण परत उतरताना अंगावर नवा प्रभार घेऊन आपण थेट वाफेपाशी हात नेतो, हे किती जणांनी छापलंय? टाकीचं झाकण उघडण्याआधी तिथून दूरच्या धातूला हात लावावा. पेट्रोलचा कॅन गाडीच्या आत, प्लॅस्टिकच्या किंवा गालिच्याच्या जमिनीवर ठेवून भरू नये, खाली जमिनीवर ठेवूनच भरावा. आणि गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर पंपावर शिरण्याआधी त्याची ज्योत बंद करावी. ही शेवटची गोष्ट स्थिर विजेत मोडत नाही, पण ठिणगीची काळजी करताना उघडी ज्योत विसरून चालणार नाही.

कारखानदारांसाठी इथे एक खास मुद्दा आहे. पूर्वी बॉडी लोखंडी सांगाड्यावर स्क्रू आणि रिव्हेटने बसवलेली असायची. आता ॲल्युमिनियमचे पत्रे आणि फोमचे थर पॉलियुरेथेनच्या गोंदाने चिकटवले जातात. सांधा उत्तम होतो, पाणी शिरत नाही. पण गोंद वीज वाहू देत नाही. त्यामुळे बाहेरचा पत्रा, मागची शिडी, ऑनिंगची (बाजूला उघडणाऱ्या कापडी छताची) पन्हळ, दाराची चौकट हे धातूचे मोठमोठे भाग चासीपासून अलग, अधांतरी राहतात. त्यांच्यावर साचलेल्या प्रभाराला वाट नसते. त्याहून वाईट म्हणजे, आतल्या एखाद्या फेजच्या वायरचं आवरण पत्र्याच्या कडेला घासून कापलं गेलं, तर तो पत्रा पूर्ण व्होल्टवर जातो आणि फ्यूज उडत नाही, ब्रेकर पडत नाही, काहीच होत नाही. बाहेर उभा असलेला माणूस शिडीला हात लावेपर्यंत.

आता दुसरा शॉक.

चार्जर, टीव्ही, लॅपटॉपचे ॲडॅप्टर यांच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ज्या उपकरणांना अर्थची पिन असते त्यांत ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थची तार शाबूत असेल तर त्यातून निघणारा अर्ध्या-पाऊण मिलिअँपिअरचा करंट तिच्यातून निमूट निघून जातो. अर्थची तार केबलमध्ये, प्लगमध्ये किंवा खांबावरच्या सॉकेटमध्ये कुठेही तुटली, की ते दोन कपॅसिटर मिळून चासीला पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर नेऊन ठेवतात: २३० च्या पुरवठ्यात ११५ च्या आसपास. माणसाला अर्ध्या मिलिअँपिअरपासून जाणवू लागतं. सुक्या जमिनीवर, बूट घातलेल्या माणसाला काहीच कळत नाही. पावसाने भिजलेल्या गवतावर अनवाणी उभं राहून दार धरलं की झिणझिण्या येतात. हातांपेक्षा कोपराच्या आतल्या बाजूला किंवा मनगटाच्या मऊ कातडीला त्या आधी कळतात.

या झिणझिण्यांनी सहसा कुणी मरत नाही. पण अर्थ तुटल्याची तेवढी एकच सूचना गाडीमालकाला मिळते. पुढे त्याच गाडीत गिझरचं एलिमेंट फुटलं, त्यातून फेज थेट धातूला लागली, की चासीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात आणि आता करंटवर कपॅसिटरची मर्यादाही नसते. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे धरलेला हात सोडवत नाही, ३० च्या पुढे तो थोडा वेळ चालू राहिला तरी हृदयाची लय बिघडू शकते. ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे करंटची गळती ओळखणारा स्विच, असेल तर तो सर्किट तोडतो, पण अर्थ तुटलेली असताना तो पडतो केव्हा? माणूस मध्ये आल्यावर. अर्थ शाबूत असती तर तो गळती सुरू होताच पडला असता, कुणी दाराजवळ नसताना.

अशा झिणझिण्यांवर "स्टॅटिक आहे, पट्टी लावा" म्हणणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आणि पट्टी लावल्यावर गाडीमालक निर्धास्त होतो, हे त्याहून घातक. तो पुढच्या वेळी झिणझिण्या आल्या तरी केबल काढत नाही.

काही वर्कशॉप याच्या जोडीला लोखंडी सळईही देतात: गाडी उभी केली की जमिनीत ठोका, तार चासीला बांधा, झालं अर्थिंग. हा हिशेब एकदा करून पाहा. हाताने ठोकलेल्या छोट्या सळईचा जमिनीशी रोध ५० ओहम मिळाला तर नशीब चांगलं. २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर. १६ अँपिअरचा ब्रेकर त्याने पडत नाही. सळई ठोकलेली, तार बांधलेली आणि चासी जवळजवळ पूर्ण व्होल्टवर. सोबत आरसीडी असेल तर तो ४.६ अँपिअरच्या गळतीवर लगेच पडेल हे खरं, पण मग आरसीडी आहे आणि चालतो याची खात्री आधी करून द्या. केबलमधून येणाऱ्या अर्थच्या तारेची जागा सळई घेऊ शकत नाही. पार्किंगमध्ये टेकवलेल्या धातूच्या जॅकचंही तेच. स्थिर वीज उतरवायला ते पुरतात, बिघाडाचा करंट वाहून न्यायला पुरत नाहीत, आणि खाली लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा घातला की तेवढाही उपयोग उरत नाही.

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या (आयईसी) ६०३६४ या मानक-मालिकेचा ७२१ वा भाग खास कॅरव्हॅन आणि मोटरहोमसाठी आहे, ७०८ वा भाग कॅम्पसाइटसाठी. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं ५५१ वं आर्टिकल याच वाहनांसाठी आहे. चासी आणि हात लागू शकणारे धातूचे भाग अर्थच्या मुख्य टर्मिनलला जोडलेले हवेत, ही अपेक्षा सगळीकडे आहे. कागदावर ती तुम्हीही पाळता. अडचण असते ती बोल्टखाली.

एका नव्याकोऱ्या गाडीचं सांगतो. पायरीच्या मागे, चासीच्या आडव्या पट्टीवर अर्थचा बोल्ट. वायर हिरवी-पिवळी, वायरच्या टोकाचा धातूचा लग व्यवस्थित दाबलेला, टाय मारून वायर सरळ बांधलेली, फोटो काढावा इतकं देखणं काम. मीटरची एक पिन लगवर ठेवली, दुसरी चासीच्या उघड्या लोखंडावर, आणि मीटरने जोड नसल्याचं दाखवलं. बोल्ट सोडवला तेव्हा लगखाली रंगाचा काळा, गुळगुळीत, अखंड थर होता आणि बोल्टच्या आट्यांतही रंगच भरलेला. रंग खरवडून लोखंड चमकेपर्यंत साफ केलं, दातेरी वॉशर घातला, पुन्हा आवळलं, वरून गंजरोधक लावलं. मीटर ०.१ ओहमच्या खाली आला. काही मिनिटांचं काम. कारखान्यात ते कुणाच्याच तपासणी-यादीत नव्हतं, कारण यादीत "अर्थची वायर जोडली का?" असा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर "हो" असंच होतं.

तेव्हा प्रश्न बदला. जोडली का असं विचारू नका, किती ओहम आले ते लिहायला लावा. पुरवठा पूर्ण बंद करून, केबलच्या इनलेटच्या अर्थ-पिनपासून चासी, पायरी, दाराची चौकट, शिडी, ऑनिंगची पन्हळ, सिंक, शेगडी आणि गॅसची नळी इथपर्यंत रोध मोजा. एक ओहमच्या वर काही आलं तर गाडी बाहेर सोडू नका. गॅसची नळी चासीला तारेने जोडा (बाँडिंग), पण तिचाच अर्थची तार म्हणून वापर करू नका. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे भेटतात तिथे ओलाव्याने गंज धरतो आणि आज ०.१ असलेला आकडा पुढच्या पावसाळ्यानंतर तसाच राहीलच असं नाही, म्हणून तो बोल्ट हाताला लागेल अशा जागी ठेवा, त्यावर अर्थची खूण चिकटवा, आणि मोजलेले आकडे गाडीच्या कागदपत्रांत मालकाला द्या. पुढच्या तंत्रज्ञाला तुलना करायला काहीतरी हवं.

इन्व्हर्टरबद्दलही मालकाला लिहून द्यायला हवं. गाडी बाहेरच्या पुरवठ्यावर असताना तिच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले नसावेत, तो जोड पुरवठ्याच्या उगमापाशी असतो. पण गाडी इन्व्हर्टरवर चालू लागली की उगम गाडीतच येतो. तेव्हा तो जोड आत हवा, नाहीतर इन्व्हर्टरपुढचा आरसीडी गळती ओळखूच शकत नाही. बाहेरची वीज आली की जोड आपोआप सुटायला हवा. चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये हे रिले करतो. स्वस्तातला वेगळा इन्व्हर्टर बसवणाऱ्या वर्कशॉपनी हे कसं साधलंय ते मालकाला आकृतीसह लिहून द्यावं. ज्यांना लिहून देता येत नाही त्यांनी तो बसवू नये.

कॅम्पसाइटवाल्यांनो, तुमच्याकडे वळतो. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीडी हवा. सहा गाड्यांना मिळून एक चालत नाही. त्याचं टेस्ट बटण ठरावीक काळाने दाबा आणि नोंद ठेवा. पण बटण दाबून आरसीडीची यंत्रणा तेवढी कळते, अर्थ शाबूत आहे का ते कळत नाही, त्यासाठी प्रत्येक खांबावर मीटर लावावाच लागतो. आणि जिथे पुरवठ्याची न्यूट्रल आणि अर्थ एकाच तारेतून येतात तिथे ती अर्थ मोटरहोमला देऊ नका. ही एकत्र तार कुठे तुटली तर परतीचा करंट अर्थच्या वाटेने गाड्यांच्या चासीवर चढतो, आणि आरसीडी तिथे हतबल असतो, कारण तो फेज आणि न्यूट्रल तोडतो, अर्थ तोडत नाही. ब्रिटनने याच कारणासाठी २००२ च्या वीज सुरक्षा नियमांत अशी एकत्र अर्थ कॅरव्हॅनच्या धातूला जोडायला बंदी घातली आहे. अशा ठिकाणी साइटने स्वतःचे अर्थ-इलेक्ट्रोड पुरायचे, त्यांचा रोध मोजायचा आणि आरसीडीवर भिस्त ठेवायची.

पाहुणा येऊन म्हणाला की झिणझिण्या येतात, तर त्याला स्टॅटिक हा शब्द ऐकवू नका. आधी सगळ्यांना गाडीपासून दूर राहायला सांगा. गाडीला हात न लावता खांबावरचा स्विच बंद करा, मग प्लग काढा. त्यानंतर सॉकेट, केबल आणि गाडी या क्रमाने तपासा. पेनासारखा टेस्टर गाडीजवळ नेल्यावर पेटला तर चासीवर वीज आहे असंच समजा. तो पेटला नाही म्हणून मात्र गाडी सुरक्षित ठरत नाही. वादळाचं लक्षण दिसताच, कडकडाट सुरू व्हायच्या आधी, केबल काढून ठेवायला सांगणारी सूचनाही खांबावर हवी. फायबरच्या बॉडीच्या गाडीत आकाशातल्या विजेपासून धातूच्या पिंजऱ्याचं संरक्षण मिळत नाही, आणि टायरच्या रबराने तर कुठल्याच गाडीत मिळत नाही.

दोन्ही गटांकडे एक समान मागणी आहे. मॅन्युअलच्या पहिल्या पानांत आणि प्रत्येक खांबावर हा मजकूर ठळक छापा: "चटका एकदाच बसला आणि संपला, तर ती बहुधा स्थिर वीज आहे. हात लावल्यावर झिणझिण्या चालू राहिल्या, किंवा केबल जोडल्यावरच शॉक बसत असेल, तर गाडीला पुन्हा स्पर्श करू नका. खांबावरचा पुरवठा बंद करा आणि तंत्रज्ञाला बोलवा." शंका असेल तेव्हा दुसरी शक्यता धरूनच चला.

मोजमापाचा तक्ता कसा असावा, कुठल्या जागा त्यात याव्यात, याचा नमुना मी माझ्या कामासाठी तयार केलेला आहे. तुमच्यापैकी ज्यांना तो आपल्या तपासणी-यादीत घ्यायचा असेल त्यांना मी तो विनामूल्य देईन, आणि पहिल्या काही गाड्यांवर तुमच्या माणसांबरोबर उभा राहून मोजून दाखवीन.

आपला,
मोटरहोमच्या वीजजोडण्या तपासणारा एक तंत्रज्ञ